मुंबईची जोडणी

(नवीन जालना. ठेसनाजवळ मोटारी दुरुस्तीचा पत्र्याचा कारखाना, भर दुपार. हसनाबादचे रखमाजी पाटील दारात उभे आहेत. गयासोद्दीन मिस्त्री हात पुसत मोटारीखालून बाहेर आलाय.)

गयासोद्दीन : बसा तर खरं, पाटील. उन्हातून आलात. हा डबा घ्या, पुसलेला हाय.

रखमाजी : बसायला न्हाई आलो, मिस्त्री. एक गोष्ट इचारायची अन जायचं.

गयासोद्दीन : नंदाबाईचं दिवसकार्य झालं म्हणून कळलं. येणार होतो मी. मंग वाटलं, माझं तोंड बघून तुमाला तकलीफ व्हईल.

रखमाजी : झाली असती. आताबी होऊन राह्यलीय.

गयासोद्दीन : इचारा.

रखमाजी : त्या दिवशी गावच्या बद्रीनाथ शेटची मोटार घेऊन तू नंदाला न्यायला माझ्या दारात उभा होतास. ती मोटार जालन्याच्या दवाखान्यापोत पोचली असती का?

गयासोद्दीन : महिना झाला, पाटील. आता काढून काय फायदा?

रखमाजी : मी न्हाई काढलं. नंदाच्या मायनं धाडलंय मला.

गयासोद्दीन : साळूबाईनं?

रखमाजी : लेक गेल्यापासून एक शब्द बोलली न्हाई माझ्याशी. ताट पुढं सरकावती अन पाठ फिरवती. काल रातीला पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हनली, "मिस्त्रीला इचारून या, ती गाडी पोचली असती का. तो म्हनल ते तसंच्या तसं मला येऊन सांगा."

गयासोद्दीन : अन मी काय म्हणावं, असं तुमाला वाटतं?

रखमाजी : म्हन की न्हाई पोचली असती. वाटंत कुठंतरी बसली असती.

गयासोद्दीन : कशावरून, पाटील?

रखमाजी : अरं, खरंच असंल की तसं! खोक्यातनं आलेली गाडी, मुंबईत आपल्याच माणसांनी जोडलेली. बदनापूरच्या ठेसनापाशी मी डोळ्यानं पाह्यलीय तसली एक. चाक निखळून नालीत पडल्तं. मुंबईची जोडणी, म्हनले लोक.

गयासोद्दीन : ते चाक मीच बसवलं परत. मालकानं दोन वर्षं नट कसूनच घेतले न्हाईत. असं केलं तर विलायतेतून जुडून आलेल्या गाडीचंबी चाक निखळतंय.

रखमाजी : मंग लोक म्हनले ते?

गयासोद्दीन : लोक गाडीखाली कुठं घुसतात, पाटील? सात वर्षं मी मुंबईला तेच काम केलं. समुद्रापारहून खोकी यायची. एकात इंजन, एकात चाकं, एकात पत्रा. सामान बिलकुल तेच, तिकडचंच. फकस्त कसणारे हात आमचे. कुणी रत्नागिरीचा, कुणी सुरतेचा, मी इथला. एकेक नट कसला की त्याच्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, अन साहेब ठिपके मोजायचा. एक कमी भरला तर गाडी दाराबाहेर जायची न्हाई.

रखमाजी : तुझ्या हाताला मी बोल लावला. समद्या गावासमोर.

गयासोद्दीन : हां.

रखमाजी : काय म्हनलो मी?

गयासोद्दीन : जाऊ द्या ना.

रखमाजी : सांग. मला शब्द आठवत न्हाईत. गावातल्या माणसाला इचारायची हिंमत होत न्हाई.

गयासोद्दीन : "नालबंदांनी ठोकलेल्या गाडीत माझी लेक मरायला न्हाई बसवायचो." इंजन चालू होतं. मला वाटलं, आवाजात मी चुकून ऐकलं. मंग तुमी परत बोल्लात.

रखमाजी : अन कचरू गड्याला घोड्यावर पिटाळलं. जालन्याच्या वकिलाची विलायती गाडी आण म्हणून.

गयासोद्दीन : नंदाबाई बाजेवर होत्या तव्हा. त्या म्हणल्या...

रखमाजी : ठावं हाय मला ती काय म्हनली.

गयासोद्दीन : "बाबा, कोणत्याबी गाडीत चला," म्हणल्या.

रखमाजी : ठावं हाय म्हनलो ना!

गयासोद्दीन : माफ करा, पाटील.

रखमाजी : पाच तास वाट पाह्यली. मंग आली. काळी, झगझगीत, बसायला मऊ. मी तिच्या मायला म्हनलो, बघ, ह्याला म्हनतात मोटार. सहा मैल गेली ती. सहा. खालून खडाड् झालं, धूर निघाला, अन बाभळीखाली जी उभी राह्यली ती राह्यलीच. लेकरू आडवं आल्तं. सुईण म्हनली, माझ्या हातातलं न्हाई. बैलगाडी आणस्तोवर दोघंबी गेले.

गयासोद्दीन : ती गाडी नंतर मीच उघडली. तिचं पोट खाली हाय, पाटील. तिकडच्या सपाट सडकंसाठी केलेली. इंजनाखाली तेलाचा डबा असतो. चाकोरीमधल्या दगडाला तो लागला अन फुटला. तेल सांडलं, इंजन जळालं. गाडी वाईट न्हाई. आपल्या वाटंची न्हाई, एवढंच.

रखमाजी : अन तुझी?

गयासोद्दीन : तिलाबी तीच वाट होती. बंद पडली असती.

रखमाजी : कुठं?

गयासोद्दीन : नदीच्या उतारावर.

रखमाजी : काय मोडलं असतं?

गयासोद्दीन : कमान. मागच्या चाकावरची, गाडीचा हादरा झेलती ती.

रखमाजी : मी हाकलल्यावर तू जालन्याला कशानं आलास?

गयासोद्दीन : आलो कसातरी.

रखमाजी : मिस्त्री, कशानं आलास?

गयासोद्दीन : त्याच गाडीनं. शेट म्हणले, पाटलाचं डोकं फिरलंय, गाडी इथं ठेवू नको, जल्दी घेऊन जा.

रखमाजी : कमान मोडली?

गयासोद्दीन : न्हाई.

रखमाजी : नदीत बसली?

गयासोद्दीन : न्हाई, पाटील. कुठं बसली न्हाई.

रखमाजी : मंग माझ्यासाठी खोटं बोलून राह्यलास. आपल्याच हातच्या कामाला नावं ठेवून.

गयासोद्दीन : साळूबाईला सारी जिंदगी तुमच्यासंगं काढायचीय. जा अन सांगा, बंद पडली असती. कुणी पुसायला आलं तर मीबी तेच सांगीन. मुंबईची जोडणी कच्ची, म्हणू द्या लोकांना. माझं काय जातं?

रखमाजी : गिऱ्हाईक जातं. उद्या कोण आपली मोटार तुझ्या हातात देईल?

गयासोद्दीन : बघता येईल.

रखमाजी : न्हाई. त्या दिवशी बोल्लो ते न कळता बोल्लो. आता कळून सवरून कसं बोलू? अन तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तर मुळीच न्हाई. मी सांगतो तिला, पोचली असती.

गयासोद्दीन : मंग त्या कधीच बोलायच्या न्हाईत तुमच्याशी.

रखमाजी : आता कुठं बोलती?

गयासोद्दीन : पाणी घ्या जरा.

रखमाजी : दे... ती आणखी एक इचारल. किती वेळ लागला असता म्हणून.

गयासोद्दीन : ते कशाला इचारतील?

रखमाजी : माय हाय. इचारल.

गयासोद्दीन : मला दीड तास लागला.

रखमाजी : दीड तास. गुरं नदीवर नेऊन, पाजून परत आणायला लागतो, तेवढाच की.