शेवटची गाडी जाईपर्यंत

(मिस्त्रीचं गॅरेज, संध्याकाळ. स्टँडवर चढवलेली बाबांची मोटरसायकल. पत्र्याच्या टेबलावर नकाशा, चारही कोपऱ्यांवर लोखंडी पाने आणि चहाचे ग्लास ठेवून दाबलेला.)

बाबा : तळं नको. पुढचं बोला.

लेक : पण का नको, ते तरी सांगा ना बाबा. मघापासून नुसतं नको नको.

बाबा : तळ्यावर लोक सहलीला जातात. पोरंबाळं, सतरंज्या, मोठ्याने गाणी. आपण वर्षभर वाट बघायची, गाड्यांना जाडे टायर लावायचे, तंबू बांधून घ्यायचे, आणि जायचं कुठे, तर तळ्यावर! शेजारी फुगेवाला उभा असेल.

मिस्त्री : फुगे काय वाईट नसतात गड्या. नातीला चार घेऊन येईन.

बाबा : तू गप रे.

मिस्त्री : गॅरेज माझं, टेबल माझं, चहा माझा. आणि गपही मीच बसायचं.

लेक : काका, तुम्ही सांगा ना त्यांना.

मिस्त्री : सांगतो. तळं चांगलं आहे. पाणी हाताशी, जमीन सपाट, टेकडीमुळे वारा अडतो. आणि माझ्या कंबरेचा विचार करा जरा. दर वर्षी खडकावर झोपून तिची पार वाट लागलीय.

बाबा : गेल्या वर्षी खिंडीतल्या ओढ्यातून तीन गाड्या उचलून काढल्यास. तेव्हा बरी होती कंबर?

मिस्त्री : तेव्हाच तर गेली.

लेक : बाबा, आधी त्या जॅकेटची चेन लावा. दार सताड उघडं आहे, वारं आत येतंय.

बाबा : मला गरम होतंय.

लेक : गरम? मी इथे कुडकुडतेय.

बाबा : होतंय म्हटलं ना. हं, इकडे बघा आता. इथे, या फाट्यावर डांबर सोडायचं आणि डावीकडे वळायचं. मग झाडीतली लाल वाट. मग नदी, मग चढ. चढ संपला की पठार. वर कुणी नाही. मोजणी खात्यात असताना मी ते पायी मोजलंय, साखळी ओढत. तेव्हापासून मनात आहे की एकदा इथे गाड्या घेऊन यायचं. दर वर्षी कुणी ना कुणी मोडता घालतं. कधी पाऊस लांबतो, कधी कुणाचं लग्न निघतं. यंदा वाट कोरडी आहे. यंदा पठार.

लेक : यंदा नको.

बाबा : का?

लेक : चढ फार आहे. सगळे सुटे दगड. वर पाणीसुद्धा नाही.

बाबा : पाणी आपण नेतोच. आणि दगडांना तू कधीपासून घाबरायला लागलीस? दगड दिसला की बाईसाहेब गाडी त्याच्यावरूनच घालतात.

मिस्त्री : आणि वाकडा रिम माझ्याकडे आणून टाकतात.

लेक : मी माझ्याबद्दल बोलत नाहीये.

बाबा : मग कुणाबद्दल?

लेक : सगळ्यांबद्दल. सगळ्यांनाच तळं हवंय. बेकरीवाल्यांना, त्या दोघा भावांना, बँकवालीला. सगळे तळंच म्हणाले.

बाबा : एकमत?

लेक : एकमत.

बाबा : या टोळीचं? चहात साखर किती घालायची यावर ज्यांचं कधी जुळलं नाही, त्यांचं? अगं, बेकरीवाला तळ्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवतो. म्हणाला होता, तळ्यावर जायचं तर मोटरसायकल कशाला, सासूला घेऊन बसने जाईन.

मिस्त्री : माणसाचं मन बदलतं.

बाबा : सगळ्यांचं? एकदम? मिस्त्री, तो नट नंतर पूस. माझ्याकडे बघून बोल.

मिस्त्री : पोरी, तूच सांग बाई आता. मला हे नाटक जमत नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो.

बाबा : तेव्हा म्हणजे कधी?

लेक : रविवारी. इथेच. सगळे आले होते.

बाबा : मला न सांगता.

लेक : हो. तुम्हाला न सांगता.

बाबा : वा. या टेबलावर पहिला नकाशा मी पसरला, तेव्हा तू सायकलवरून पडत होतीस. ही टोळी एकेक माणूस धरून मी जमवली. आणि आता बैठक मला वगळून. काय सांगितलंस त्यांना?

लेक : खरं ते सांगितलं. तुमच्या हाताचं.

बाबा : माझ्या हाताला काही झालेलं नाही.

लेक : बाबा.

बाबा : मुंग्या येतात. थंडीत सगळ्यांना येतात.

लेक : परवा पातेलं सुटलं हातातून, दूध सगळ्या ओट्यावर. कुलपाला किल्ली लावता येत नाही म्हणून तुम्ही दारात उभे राहता आणि मी आले की म्हणता, आत्ताच आलो. सकाळी शर्टाची बटणं आई लावते.

बाबा : हे सांगितलंस? त्या लोकांना?

लेक : बटणांचं नाही सांगितलं.

बाबा : मिस्त्रीला आत्ता सांगितलंस की.

मिस्त्री : मला कुणी सांगायला कशाला हवं? वर्षभरात तीनदा क्लच हलका करून घेतलास तू माझ्याकडून. पहिल्यांदा वाटलं, केबल धरत असेल. नवी घातली. मग आलास, अजून जड आहे म्हणालास. लांब लिव्हर लावला. गेल्या महिन्यात पुन्हा दारात हजर. गड्या, तो क्लच आता माझी नात दोन बोटांनी दाबेल. त्यात हलकं करण्यासारखं काही उरलं नाही.

बाबा : मग तेव्हाच बोलला का नाहीस?

मिस्त्री : काय बोलू? तिथे उभा होतास, त्या पिंपापाशी, हात खिशात घालून. म्हणालास, "बघ ना काही होतंय का." इतक्या वर्षांत तू मला कधी असं म्हणाला नाहीस. नेहमी हुकूम सोडतोस. मी जेवढं होतं तेवढं केलं आणि तू गेल्यावर शटर ओढून बसलो. दुसरं गिऱ्हाईक घ्यायला मन होईना.

लेक : आणि मागच्या वेळी तुम्ही पडलात ना, ते दगडामुळे नाही. गाडी गिअरमध्ये होती आणि हाताने क्लच दाबलाच गेला नाही.

बाबा : दगड होता.

लेक : नव्हता. मी तुमच्या मागेच होते. तुम्हाला उचलायच्या आधी मी जमीन बघितली. दगड दिसला असता तर मला किती बरं वाटलं असतं.

बाबा : मोठे डॉक्टर काय म्हणाले, तेही सांगून टाकलंस का सगळ्यांना?

लेक : नाही.

मिस्त्री : काय म्हणाले?

बाबा : सांग की. आता काय झाकायचं राहिलंय.

लेक : म्हणाले, वाढत जाणार. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. आधी डावा, मग उजवा.

मिस्त्री : अरे देवा.

बाबा : देवाला कशाला मध्ये ओढतोस. नसा आहेत, निकामी होतात. तुझ्या केबलसारखंच. नवी मिळत नाही, एवढंच.

मिस्त्री : असं नको बोलूस रे.

बाबा : म्हणजे बेत असा ठरला होता तर. तळ्यापर्यंत सपाट रस्ता, फारसा क्लच लागत नाही, पडलोच तर जीप येऊ शकते. म्हातारा खूश. आणि कुणी काही बोलायचं नाही, म्हणजे म्हाताऱ्याला कळणार नाही.

लेक : तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं.

बाबा : तोंडावर म्हणायचं होतं, आता तुम्ही येऊ नका. भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो. चाललं असतं. पण तुम्ही सगळे मिळून तळं आवडतं म्हणालात, ते लागलं मला. बेकरीवाला वर्षभर पहाटे भट्टीपुढे उभा असतो. या एका सहलीसाठी त्याच्या खोलीत कॅलेंडर टांगलेलं असतं. तो त्या फुगेवाल्याशेजारी बसणार आणि मला म्हणणार, वा साहेब, काय जागा काढलीत! आणि मी मान डोलवायची?

लेक : मग मी काय करायचं होतं? जाऊ द्यायचं तुम्हाला त्या चढावर? तिथे हात सुटला तर खाली काय आहे, ते तुम्हीच काढलंय नकाशात. आई रोज विचारते, ठरलं का कुठे जायचं. तिला जागेशी काय करायचंय? ती विचारतेय, हा माणूस परत येणार का. तिला मी काय सांगू?

बाबा : मला नाही विचारलं तिने.

लेक : तुम्हाला नाही विचारणार. ती तुमची बटणं लावते आणि मग मोरीत जाऊन नळ सोडते. भांडी नसतात तेव्हासुद्धा.

मिस्त्री : बस कर पोरी. चहा घ्या दोघं. आधीचा गार झाला, हा ताजा आहे.

बाबा : मला अर्धाच ओत. भरलेला नको.

मिस्त्री : हं. हा घे. दोन्ही हातांनी धर.

बाबा : पठारावर जा तुम्ही.

लेक : तुम्हाला सोडून? कुणी तयार होणार नाही.

बाबा : होतील. मी सांगेन सगळ्यांना. पुढे कोण राहणार तेवढं ठरव.

लेक : काका राहतील.

मिस्त्री : मी नाही हं. माझी गाडी शेवटची. हत्यारं माझ्याकडे. मी पुढे पळालो तर मागे कोलमडलेल्यांना कोण बघणार?

बाबा : हीच राहील पुढे. नदी कुठे ओलांडशील?

लेक : बाबा, आत्ता परीक्षा नको ना.

बाबा : कुठे?

लेक : इथे. पात्र रुंद आहे तिथे.

बाबा : वर ते अरुंद आहे. तिथून का नाही? लगेच पलीकडे.

लेक : अरुंद असतं तिथे खोल असतं.

बाबा : आणि चढावर?

लेक : सगळ्यांना खाली थांबवायचं. एकेक गाडी सोडायची. एक वर पोचल्याशिवाय दुसरी निघणार नाही.

बाबा : आणि तू निघालीस की मागे वळून बघशील.

लेक : बघीन.

बाबा : तेच नाही करायचं. हे तुझं लहानपणापासूनचं आहे. सायकल शिकवताना मी मागून हात सोडला की लगेच वळून बघायचीस, बाबा आहेत का. आणि पडायचीस. आता तर बघून उपयोगच नाही. मी नसणार मागे.

लेक : म्हणून तर नको म्हणतेय मी! मला नाही येत. मी वाट बघतच नाही कधी, तुमची पाठ बघून चालवते. तुम्ही उजवीकडे झुकलात की मी झुकते. पुढे कुणीच नसलं तर मी काय करू?

बाबा : रडू नकोस. येईल.

लेक : तुम्हाला काय माहीत?

बाबा : नदीचं बरोबर सांगितलंस ना? ते माझ्या पाठीवर लिहिलेलं नव्हतं. मिस्त्री, ही गाडीपण तिलाच दे. हिची गाडी चढाला दम टाकते.

मिस्त्री : तुझी गाडी?

बाबा : हो. आणि तो क्लच परत होता तसा कर. हिला एवढा हलका चालायचा नाही.

मिस्त्री : करतो. उद्याच करतो. आणि तू घरी बसणार?

बाबा : घरी कशाला? पहिल्या फाट्यापर्यंत डांबर आहे. भाच्याला म्हणेन, जीपने सोड. फाट्यावर मी उभा राहीन.

लेक : ते काम नवख्या माणसाला देतो आपण.

बाबा : कुणालाही देतो. फाट्यावर एकाने उभं राहायचं, मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची, शेवटची गाडी जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. ऊन असो, पाऊस असो. नियम माझाच आहे. कायम पुढे राहिलो, त्यामुळे उभं राहायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही.

मिस्त्री : पण शेवटची गाडी माझी असते. मी दिसलो की फाट्यावरचा माणूस किक मारतो आणि माझ्या पुढे लागतो. नियम तिथे संपतो. तू काय करणार?

बाबा : डावीकडे हात करीन. उजव्या हाताने करीन. तो अजून वर जातो.

मिस्त्री : आणि मी गेल्यावर?

बाबा : तू थांबायचं नाहीस हं. थांबलास तर शिव्या खाशील.

मिस्त्री : मी गेल्यावर काय, ते विचारतोय.

बाबा : त्या लाल वाटेवर आवाज बराच वेळ येत राहतो. पुढे उतार लागला की कमी होतो. यायचा थांबला की निघेन.

लेक : आईला काय सांगू?

बाबा : तिला मी सांगतो. तू नकाशाची घडी घाल. जुन्या घडीवरच घाल, नाहीतर फाटेल. आणि आता तुझ्याकडेच राहू दे तो.

मिस्त्री : निघालात? जरा थांबा, बाहेर वारं फार सुटलंय.

बाबा : निघतो. हिची आई वाट बघत असेल घरी. पोरी, इकडे ये जरा. ही चेन लावून दे मला.