अठ्ठ्याण्णवची नळी

(ऑक्टोबरातली सकाळ. फिनलंड, कुहमो गावाच्या अलीकडचा एकुलता एक पेट्रोल पंप. सत्तरी ओलांडलेलं जोडपं, ताइस्तो आणि हिल्का, आपल्या निळ्या गाडीपाशी उभं आहे.)

हिल्का : ती नळी परत ठेव, ताइस्तो. ती आपली नव्हे.

ताइस्तो : नळीत कसलं आलंय आपलं आणि परकं?

हिल्का : ती अठ्ठ्याण्णव ऑक्टेनची आहे, महागड्या पेट्रोलची. आपली गाडी पंच्याण्णव पिते. घेतली तेव्हापासून, चौदा वर्षं.

ताइस्तो : म्हणून आज जरा चांगलं पाजतोय.

हिल्का : माझ्या वाढदिवसाला उकडलेले बटाटे, आणि गाडीचे लाड?

ताइस्तो : थंडी तोंडावर आलीय. याच्यानं इंजिनाला जोर येतो.

हिल्का : टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय बघ. कुठलं भरायचं ते कंपनीनंच छापलंय. वाच.

ताइस्तो : मला पाठ आहे.

हिल्का : वाच म्हटलं.

ताइस्तो : चष्मा घरी राहिलाय.

हिल्का : चष्मा तुझ्या नाकावर आहे.

ताइस्तो : हा लांबचा. हिल्का, वारा बोचतोय, आत जाऊन बस. मी भरून येतो.

हिल्का : तू आज सकाळपासून मला कुठं ना कुठं जाऊन बसायलाच सांगतोयस. निघताना म्हणालास, घरीच थांब. आता म्हणतोस, आत बस. काय चाललंय?

ताइस्तो : पेट्रोल भरणं चाललंय.

हिल्का : परवा गाडी धुतलीस. काल डिकी रिकामी केलीस, कुत्र्याचं जुनं कांबळंसुद्धा काढून टाकलंस. आज अठ्ठ्याण्णव. नवरदेव सजवावा तशी सजवतोयस. विकतोयस ना गाडी?

ताइस्तो : कुणी सांगितलं तुला?

हिल्का : म्हणजे विकतोयस!

ताइस्तो : नाही विकत. शपथ.

हिल्का : मग कुणाला तरी फिरवायचंय. गेल्या मंगळवारी करवतीची साखळी आणायला कायानीला गेलास. शंभर किलोमीटर. संध्याकाळी परत आलास तो हात हलवत.

ताइस्तो : दुकान बंद होतं.

हिल्का : मंगळवारी?

ताइस्तो : या वयात माझ्यावर असला संशय? त्र्याहत्तर वर्षांच्या माणसावर?

हिल्का : गेल्या वर्षी लेंपीचा नवरा गेला. चर्चमध्ये ती तुझ्याच मागच्या बाकावर गाते. आणि तिच्या खोकल्यावर कुठलं औषध चालतं ते तुला माहीत आहे.

ताइस्तो : ते अख्ख्या गावाला माहीत आहे! आणि संशयाचंच म्हणशील, तर मलाही विचारायचंय. आपल्या टाकीतलं पेट्रोल जातं कुठं? उन्हाळ्यापासून बघतोय. शनिवारी काटा अर्ध्यावर असतो, सोमवारी खाली. मी गाडी हलवलेलीसुद्धा नसते. तो शेजारचा रेइयो रबरी नळीनं ओढून नेतो.

हिल्का : रेइयोला यात ओढू नकोस.

ताइस्तो : का? तुला त्याचा एवढा पुळका का?

हिल्का : विषय बदलू नकोस. मार्केत्ता येतेय बघ. आता पंपवालीपुढं शोभा नको.

मार्केत्ता : काय हो, नळी उचलून किती वेळ भांडणार? आत पंपाचा दिवा लुकलुकतोय. बिघाड झाला म्हणून धावत आले.

हिल्का : मार्केत्ता, तूच सांग. याला अठ्ठ्याण्णव भरायचंय. फायदा काय त्याचा?

मार्केत्ता : रोजच्या गाडीला? फायदा फक्त माझ्या मालकाला. ते खरं लागतं ते उभ्या गाडीला.

हिल्का : उभ्या गाडीला म्हणजे?

ताइस्तो : मार्केत्ता, तुझी कॉफी उतू जात असेल.

मार्केत्ता : यंत्रात आहे, नाही जात. अगं, पंच्याण्णवमध्ये अल्कोहोल दुप्पट असतं. महिनोन् महिने तसंच पडून राहिलं की पाणी धरतं. म्हणून बोट शेडमध्ये घालताना, गाडी हिवाळाभर कोठारात लावताना लोक अठ्ठ्याण्णवनं टाकी काठोकाठ भरतात. का? स्पेनला बिनला निघालात की काय दोघं?

हिल्का : नाही. कुठं जाणार आम्ही?

मार्केत्ता : मी... आत आहे. वेलचीचे पाव आत्ताच निघालेत. गरम आहेत तोवर या.

हिल्का : ताइस्तो.

ताइस्तो : ऐकतोय.

हिल्का : गाडी कोठारात लावायचीय तुला. ऑक्टोबरात. बस आठवड्यातून दोनदा येते, दुकान चाळीस किलोमीटरवर, आणि तुला गाडी लावून ठेवायचीय.

ताइस्तो : हो.

हिल्का : कायानीला कुठं गेला होतास?

ताइस्तो : डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

हिल्का : काय म्हणाला?

ताइस्तो : मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, समोरचं धुकं. समोर तू उभी आहेस, तुझे कान दिसतात. तोंड नाही.

हिल्का : कधीपासून?

ताइस्तो : जूनपासून असेल. आधी वाटलं, काचच खराब आहे. म्हणून तर पुसत बसायचो.

हिल्का : मघाशी त्या वळणावर रेनडियर आडवं आलं. मी किंचाळले तेव्हा तू म्हणालास, दिसलंय मला.

ताइस्तो : नव्हतं दिसलं.

हिल्का : देवा! डॉक्टरनं गाडी चालवू दिली?

ताइस्तो : त्याच दिवशी बंद करायला सांगितली. पोलिसांनाही त्यानंच कळवलंय. परवाना पाठवून द्यायचाय.

हिल्का : आणि आज तू मला शेजारी बसवून इथवर आणलंस!

ताइस्तो : घरी थांब म्हणालो होतो ना. तू ऐकलं नाहीस.

हिल्का : म्हणजे एकटा मेलास तर चालेल? आणि समोरून कुणाचं लेकरू सायकलवर आलं असतं तर?

ताइस्तो : शिव्या दे. खुशाल दे. मला फक्त टाकी स्वतः भरायची होती आणि स्वतः नेऊन लावायची होती. दुसऱ्या कुणी ढकलत नेलेली बघायची नव्हती. आणि आपल्या लेकीला, सिर्पाला कळलं असतं तर तिनं संध्याकाळपर्यंत शहरात फ्लॅट ठरवून टाकला असता. तू म्हणाली होतीस, मला या घरातूनच उचला.

हिल्का : म्हणाले होते. म्हणून खोटं बोलायचं?

ताइस्तो : एक आठवडा. फार तर दोन.

हिल्का : नळी दे इकडं.

ताइस्तो : काय करतेस?

हिल्का : जागेवर ठेवतेय. आपल्याला पंच्याण्णव लागेल.

ताइस्तो : हिल्का, ऐकलंस ना काय सांगितलं ते?

हिल्का : ऐकलं. तुला चालवता येणार नाही. माझ्याकडे परवाना आहे.

ताइस्तो : तू शेवटची चालवलीस ती गाडी चरात गेली होती. पस्तीस वर्षं झाली त्याला.

हिल्का : शेवटची गेल्या रविवारी चालवली.

ताइस्तो : काय?

हिल्का : रविवारी सौनात वाफ घेऊन तू झोपतोस ना दीड तास? तेव्हा. जंगलातल्या रस्त्यानं टपालपेट्यांपर्यंत आणि परत. दोनदा, तीनदा. आता डांबरी रस्त्यावरही जाते. मेपासून चाललंय.

ताइस्तो : म्हणजे रेइयो...

हिल्का : रेइयोनं तुझं थेंबभरही पेट्रोल नेलेलं नाही. तीन महिने तू त्याच्याशी नीट बोलत नाहीस, त्याची आधी माफी माग.

ताइस्तो : मला का नाही सांगितलंस?

हिल्का : तू शेजारी येऊन बसला असतास म्हणून. एप्रिलमध्ये तू नऊ दिवस तापानं पडून होतास. तुझ्या औषधासाठी मला लोकांच्या दारात उभं राहावं लागलं. गाडी अंगणात, किल्ली खिळ्यावर, आणि मी लोकांना विचारतेय, जाणार आहात का हो गावात? त्या दिवशी ठरवलं.

ताइस्तो : मला वाटायचं, तुला चालवायचीच नाही.

हिल्का : तू कधी विचारलंस? बर्फावरून घसरली. तू स्वतः दोनदा घसरलायस. पण त्या दिवशी तू माझ्या हातातून किल्ली घेतलीस आणि खिशात घातलीस.

ताइस्तो : तुझ्या कपाळातून रक्त येत होतं, हिल्का. माझे हात थरथरत होते. ते तुला दिसू नयेत म्हणून खिशात घातले. किल्ली हातातच होती.

हिल्का : पस्तीस वर्षं?

ताइस्तो : नंतर सवय झाली. सोयीचंही होतं. खोटं कशाला बोलू?

हिल्का : बरं झालं, आज एक तरी खरं बोललास. भरली बघ टाकी. धर, झाकण लाव. हातानं चाचपून लागतं ना?

ताइस्तो : लागतं. बर्फ पडल्यावर काय करशील?

हिल्का : हळू जाईन. जास्तच पडला तर जाणार नाही. बटाटे आहेत घरात.

ताइस्तो : आणि सिर्पा?

हिल्का : तिला आज फोन करू. आधी सांगू की आई गाडी चालवत घरी आली. डोळ्यांचं मग. आणि परवाना उद्या टपालात टाकायचा, मी नेते पेटीपर्यंत.

ताइस्तो : तू रागावली आहेस.

हिल्का : खूप. महिनाभर तरी राहीन. त्या दाराशी काय करतोस?

ताइस्तो : सवयीनं आलो.

हिल्का : पलीकडून बस. माझा हात धर, पायरी आहे तिथं.

ताइस्तो : वळताना क्लच जरा...

हिल्का : ताइस्तो.

ताइस्तो : गप्प बसतो.

हिल्का : गप्प नको बसूस. गाडीबद्दल सोडून काहीही बोल. आणि पट्टा लाव.

ताइस्तो : शोधतोय. या बाजूला कधी बसलोच नाही.

हिल्का : उजव्या खांद्याच्या मागं. थोडा वर. अजून थोडा.

ताइस्तो : हं. मिळाला.