खालच्या आळीची बाटली

ऐका. आणि तू रे, तो तांब्या खाली ठेव आधी. गोष्ट संपल्यावर प्यावंसं वाटलं तर पी.

आपल्या गावच्या टाकीवर गेनू पाणीवाला होता. पाण्यात पावडर टाकायची, नळ सोडायचे, आणि महिन्याला पाच आळ्यांतल्या नळांचं पाणी पाच बाटल्यांत भरून तालुक्याला तपासायला धाडायचं, हे त्याचं काम. पण गडी पाचही बाटल्या टाकीखालच्या एकाच नळावर भरायचा! वर चिठ्ठ्या मात्र पाच आळ्यांच्या. कुणी हटकलं तर म्हणायचा, "टाकी एक, पाणी एक. उगाच पाय कशाला झिजवू?"

त्या पावसाळ्यात खालच्या आळीत हगवण लागली. त्याच आळीत गेनूची लेक शेवंता दिलेली. तिची पोर दोन दिवस निपचित पडली. निरोप आला, तसा गेनू दिवेलागणीनंतर निघाला. सकाळच्या एसटीनं धाडायच्या पाच बाटल्या पिशवीत, पिशवी खांद्याला. आणि धरली गटाराकडेची वाट, जवळची म्हणून. तिथंच चुकला!

चालतोय, चालतोय. पिशवीत गुडगुड झालं. थांबला, गुडगुड थांबली. चालला, पुन्हा गुडगुड!

"गेनूभावजी, माझ्या नळाची बाटली भरली का?"

वळून बघतो तर गटाराच्या काठाला बाई. डोक्यावर पदर, कमरेवर हंडा. खालच्या आळीतली वेणूवहिनी! अहो, ती गेल्या पावसाळ्यात ह्याच हगवणीनं गेलेली! ह्यानंच खांदा दिलेला!

"भ... भरली की, वहिनी."

"दाखवा थेंब टाकून."

टाकीतली पावडर पाण्यात उरली असली तर ज्या थेंबांनी ते पिवळं होतं, ती कुपी गेनूच्या खिशात असायचीच. त्यानं खालच्या आळीची बाटली काढली, टोपणात पाणी घेतलं, थेंब टाकला. पिवळंजर्द!

बाई हसली. हंडा कलता केला. "आता ह्यात टाका."

टाकला. पाणी जसंच्या तसं. पिवळेपणाचं नाव नाही. आणि वास? नाक धरा!

"टाकी एक, पाणी एक ना? मग प्या."

गेनू पळायला गेला, तर पाय उचलेना! चिखलात घोट्याला गार हाताची पकड. ओढतेय, ओढतेय! हंड्याचा काठ ओठाला टेकला.

"सोडा वहिनी! नातीची आण! तुमच्याच आळीचं पाणी भरतो!"

पकड सुटली. चप्पल चिखलातच राहिली. गडी एका पायानं अनवाणी, थेट शेवंताच्या दारात. लेक पोरीच्या तोंडाला पेला लावत होती. ह्यानं हात मारून तो उडवला!

"आबा, येड लागलं का तुम्हाला?"

"उकळ! आधी पाणी उकळ, मग पाज!"

सकाळी नळ आला. गेनूनं तिथलंच पाणी बाटलीत भरलं, थेंब टाकून बघितलं. जसंच्या तसं! मग चार गडी घेऊन चप्पल रुतली होती तिथं खणलं. हातभर खाली पाईपचा सांधा फुटलेला. नळ बंद झाला की पाईप गटारातलं पाणी आत ओढून घ्यायचा. आणि त्या फटीत अडकली होती गेनूची चप्पल!

पोर वाचली. पाईप बदलला. गेनू पुढं पाच बाटल्यांसाठी पाच नळ हिंडायला लागला, तेही भर उन्हात.

तेव्हा बाबांनो, अंधार पडल्यावर ती गटाराकडेची वाट धरू नका. गेनूनंतर टाकीवर आलेला आपला बबन परवा गेला होता तिकडून. अजून ताप उतरला नाही त्याचा. म्हणतो, हंडा घेतलेली बाई उभी होती. एवढंच विचारलं तिनं, "भावजी, ह्या महिन्याची भरली का?"

हं. घे आता तांब्या. का रे? तहान गेली?