माझं आणि नजीरभाईचं इन्स्टाग्रामवरचं भांडण

हसू नका, पण ते भांडण खरंच पेटलं होतं. रेवदंड्यात माझी आणि नजीरभाईची खानावळ समोरासमोर. मला इन्स्टाग्राम जमत नाही, म्हणून माणगावच्या प्राजक्ताला पगार देऊन ते काम सोपवलं. तिने पहिल्याच दिवशी टाकलं, "ताजी सुरमई आमच्याकडे, कालची समोर!"

तासाभरात नजीरभाईच्या पेजवर उत्तर आलं, "त्यांच्या सोलकढीत कोकम शोधून दाखवा, जेवण फुकट!"

माझं डोकंच फिरलं. प्राजक्ताला म्हटलं, "सोडू नको त्याला!"

"काका, तुम्ही निवांत बसा," ती म्हणाली.

मग रोज जुंपायची. लोक भांडण वाचून मुद्दाम यायचे आणि दोन्हीकडे जेवून जायचे.

परवा एका लग्नात नजीरभाई शेजारी बसला. "तुझं कोण लिहितं रे? लय तिखट हाय."

"माणगावची प्राजक्ता."

त्याचा घास हातातच राहिला. "माझंपण तीच लिहिते!"

तिथूनच तिला फोन लावला आणि दोघंही तिच्यावर ओरडलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, मग बंद करू?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नजीरभाईने फोन तोंडाजवळ घेतला. "बेटा, उद्या रविवार हाय. जरा जोरात होऊ दे."