आरशात दिसलं नाही तर

(अमेरिकेतल्या युटा राज्यातली नदीकाठची निर्जन, रेताड जागा. झोपायची-रांधायची सोय असलेली मोठी गाडी, मागची चाकं अगदी काठाला लागलेली. वेंडेल स्टिअरिंगपाशी बसलाय. त्याची बायको आर्डिथ खिडकीखाली वाळूत उभी आहे.)

आर्डिथ: आधी इंजिन बंद कर, मग बोल.

वेंडेल: केलं. आता काय झालं? लागली ना गाडी जागेवर.

आर्डिथ: गाडी लागली. मी लागता लागता वाचले. गुडघा बघ माझा.

वेंडेल: पडलीस?

आर्डिथ: उडी मारली. नाहीतर मागच्या चाकाखाली गेले असते. वेंडेल, आपला नियम काय आहे?

वेंडेल: अगं, वाळू आहे, गाडी जरा जास्त सरकली.

आर्डिथ: नियम सांग.

वेंडेल: मागे घेताना तू आरशात दिसली नाहीस तर थांबायचं.

आर्डिथ: आणि मी कुठे उभी होते? आरशाच्या ऐन मध्यावर. दोन्ही हात वर करून. हे भडक नारिंगी जाकीट घालून, जे तूच हौसेनं आणलंस.

वेंडेल: ऊन आलं डोळ्यावर.

आर्डिथ: ऊन त्या कड्याच्या मागे गेलंय. कधीच.

वेंडेल: आत ये. घोटभर कॉफी घे, गुडघा पुसू.

आर्डिथ: विषय बदलू नकोस. मी दिसत होते की नव्हते?

वेंडेल: झाडं दिसत होती. नदी दिसत होती. तूच दिसत नव्हतीस.

आर्डिथ: म्हणजे?

वेंडेल: जिथे बघावं तिथेच नेमका डाग येतो. कडेकडेचं सगळं दिसतं, मधलं पुसल्यासारखं होतं. डाव्या डोळ्यात होता, आता उजव्यातही आलाय.

आर्डिथ: डॉक्टरला दाखवलंस?

वेंडेल: तू कपडे धुवायला गेली होतीस त्या दिवशी. ते म्हणाले, गाडी चालवणं सोडा.

आर्डिथ: आणि तू माझ्यासाठी जाकीट घेऊन आलास.

वेंडेल: म्हटलं, नारिंगी तरी दिसेल.

आर्डिथ: म्हणून रस्त्यावरच्या पाट्या मला मोठ्यानं वाचायला लावायचास होय? मला म्हणालास, तुझा आवाज ऐकत गाडी चालवायला बरं वाटतं. या वयात मी लाजले होते रे, वेंडेल.

वेंडेल: ते काही खोटं नव्हतं.

आर्डिथ: आणि ही शांत जागांची हौस? गर्दी नको, शेजार नको, नदीकाठी एकटंच राहू?

वेंडेल: रिकाम्या रस्त्यावर कुणाला धडकायची भीती नाही.

आर्डिथ: मी होते ना रस्त्यावर.

वेंडेल: हो.

आर्डिथ: दिसले नाही तर थांबायचं, इतकं साधं होतं. का नाही थांबलास?

वेंडेल: थांबलो असतो तर तू विचारलं असतंस, का थांबलास.

आर्डिथ: विचारलंच असतं. बायको आहे मी तुझी.

वेंडेल: मग सांगावं लागलं असतं. आणि सांगितल्यावर जायचं कुठे? घर विकून ही गाडी घेतली आपण. मी चालवली नाही तर हे नुसतं पत्र्याचं खोकं आहे. लेकीच्या, जोलीनच्या अंगणात लावायचं आणि जावयानं कचरा टाकायला सांगायची वाट बघत बसायचं. मला ते नको होतं.

आर्डिथ: मला विचारलंस का, मला काय हवं होतं? मूठ झाकून ठेवलीस आणि त्या मुठीत मलाच धरलंस. मला तुझा राग आलाय. आज उतरणार नाही, उद्याही नाही.

वेंडेल: असू दे. तो काय आवाज आला?

आर्डिथ: काठ ढासळतोय. मागच्या चाकाखालची माती पाण्यात पडतेय.

वेंडेल: तू बाजूला हो. मी पुढे घेतो.

आर्डिथ: तू खाली उतर.

वेंडेल: आर्डिथ, तू ही कधी चालवली नाहीस.

आर्डिथ: वडिलांचा शेतातलं बीट वाहायचा ट्रक चालवलाय. उतर म्हणते ना. किल्ली राहू दे आत.

वेंडेल: आरसे तुझ्या उंचीला लावून घे. वाळूत अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबू नकोस, गाडी हळूहळू पुढे सोड. चाक गरगरलं की पाय काढ.

आर्डिथ: तू मागच्या चाकापाशी जा, पण काठापासून लांब. चाकाकडे सरळ बघू नकोस, कडेनं बघ. दिसेल ना?

वेंडेल: कडेनं दिसतं. तुझा गुडघा?

आर्डिथ: गुडघ्याचं नंतर. हे जाकीट घाल.

वेंडेल: मला घट्ट होतंय.

आर्डिथ: होऊ दे.

वेंडेल: उभा राहिलो. आरशात दिसतोय का मी?

आर्डिथ: दिसतोस.

वेंडेल: मग सोड ब्रेक. आणि नाही दिसलो तर...

आर्डिथ: नाही दिसलास तर मी थांबेन.