पाहुण्याचं झाड आणि भय्याजींची बंदूक

नाव केवळराम डोमाजी कापगते, वय ४७ वर्षे, धंदा शेती व सायकल-पंप दुरुस्ती (हे काम कोणाजवळ शिकलो नाही, यंत्र उघडून पाहून शिकलो, तसे लिहावे), राहणार मौजा बेहडीटोला, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. तारीख ११ एप्रिल १९७८.

मी आज आपणहून ठाण्यात येऊन सांगतो की, मोहफुलाच्या दिवसांत आमच्या टोल्यातील घरे जंगलात मोहाच्या झाडांखाली डेरा टाकून राहतात. फुले पहाटे गळतात, ती उजाडण्याआधी वेचली नाहीत तर जनावरे खातात.

त्या जंगलात दोन पायांवर चालणारा, अंगभर केस असलेला एक जीव आहे. त्याचे नाव घेण्याची रीत नाही, आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. तो डेऱ्यावर येऊ नये म्हणून नाल्यापलीकडचे एक झाड आम्ही वेचत नाही. ते त्याचे. माझ्या आठवणीत ते झाड कोणी वेचले नाही आणि तोही नाला ओलांडून आला नाही.

अस्वल असेल का, असे विचारल्यावरून सांगतो की, अस्वलाच्या पंजापुढे नखांच्या खुणा उमटतात, याच्या नाहीत. मी त्याला दोन वर्षांपूर्वी एकदा पाहिले. तो फुले तळहातावर घेऊन, वरची माती फुंकून खात होता. अस्वल फुंकून खाताना मी पाहिलेले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, मी मागे सरलो. यापेक्षा जास्त मला माहीत नाही.

आमची फुले विकत घेणारे व मोसमात डेऱ्यावरच मुक्काम करणारे व्यापारी भय्याजी लांजेवार यांचा नोकर तुलाराम याने यंदा त्या झाडाखालची सगळी फुले झाडून नेली. त्याला रीत माहीत नव्हती. त्यानंतर पाहुणा डेऱ्यात येऊन वाळत घातलेली फुले खाऊ लागला. बाया लेकरे घेऊन परत जातो म्हणू लागल्या. मी प्रत्येक घरची एक टोपली फुले त्या झाडाखाली नेऊन टाकली आणि दोन-चार दिवस धीर धरा, असे सर्वांना सांगितले.

भय्याजी म्हणाले, "केवळराम, तुमचा पाहुणा तं जावई होऊन बसला. एक बार टाकतो, कामच तमाम."

मी म्हटले, "तुमच्या नोकरानं त्याचं ताट उचललं, भय्याजी. तो कोणाच्या दारी जाईन?"

ते हसले आणि काल पहाटे आपली परवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक घेऊन डेऱ्याजवळच्या एका झाडावर बसले. बाया त्या वेळी गारव्यामुळे काळे कांबळ पांघरून, वाकून फुले वेचतात. हे भय्याजींना माहीत असायला हवे होते. त्यांनी बार टाकला. तो कुंताबाईच्या टोपलीला लागला. टोपली हातातून उडाली. कुंताबाई उभी राहिली आणि म्हणाली, "पाहुण्याच्या हाती टोपली राहते का, भाऊ?"

भय्याजी खाली उतरले. "काळं काळं दिसलं, मले वाटलं तोच हाये," एवढेच म्हणाले. संध्याकाळी त्यांनी बंदूक पुन्हा भरली आणि पहाटे परत बसणार असे सांगितले.

कुंताबाई ही माझी पत्नी. तिला जखम नाही. कालपासून ती झाडाखाली गेलेली नाही, विचारले तर पाठ दुखते म्हणते. ती भय्याजींना राखी बांधते. त्यांच्यावर फिर्याद करायची नाही असे तिने मला बजावले आहे, म्हणून मी गोळीबाराची फिर्याद देत नाही.

आज भय्याजी उठण्याआधी मी त्यांच्या खाटेजवळची बंदूक उचलली आणि पायी येथे आणली. बार पेटवणारी टोपी काढून वेगळी बांधली आहे. नळीत बार तसाच आहे, न समजणाऱ्याने हात लावू नये.

हवालदार साहेब मला म्हणाले, "केवळरामजी, रस्त्यात बेवारस सापडली असं लिवतो. तुमी मोकळे."

मी विचारले, "मंग ते बंदूक कोणाले भेटन?"

"मालक परवाना दाखवन, आजच घेऊन जाईन."

"आन् चोरीची असली तं?"

"मंग मुद्देमाल. कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही. पण तुमाले आत बसा लागन, समजते का?"

ते मला समजले आहे. तरी बंदूक मला सापडली असे लिहू नये. ती मी भय्याजींच्या खाटेजवळून, त्यांना न विचारता, चोरून आणली आहे, असे लिहावे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. मी सांगितले तेच लिहिले आहे व ते खरे आहे.

सही/- केवळराम डोमाजी कापगते