डेअरीतल्या कॉम्प्युटरला घाई नव्हती

...आणि वर मलाच विचारतात, "घाई कसली?" अहो, एसटी डोळ्यांसमोरून गेली आज! हॉर्न वाजवत, धूळ उडवत! आणि आमचे चेअरमन सूर्यभाननाना, डेअरीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, काय म्हणाले असतील? "गेली का तुझी गाडी, अश्विने? मंग आता घाई कसली?"

तुम्हाला सांगते, किळस आली मला या दोन शब्दांची!

काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर ही दूध डेअरी. सकाळी मी कॉम्प्युटरवर बसते. दूध घ्यायचं, फॅट बघायची, पावती द्यायची, की पळत सुटायचं श्रीगोंद्याच्या एसटीकडे, कॉलेजात एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल असतं. माझी हजेरी आधीच कमी. सरांनी बजावलंय, आता बुडवलंस तर परीक्षेला बसू देणार नाही. म्हणजे जगाकडे माझं मागणं एवढंच, की बाबांनो, रांग वेळेत संपवा! पण आमचा कॉम्प्युटर... दूध घालणाऱ्याचा कोड नंबर टाकला की पडद्यावर चक्र फिरायला लागतं. फिरतंय... फिरतंय... किटलीतल्या दुधावर साय धरेल! का? तर एका माणसाचं खातं शोधायला तो डेअरी निघाल्यापासूनची प्रत्येक नोंद चाळतो. म्हणजे समजा रांगेतल्या वाल्मिकमामांना निरोप द्यायचाय, तर वेशीपासून एकेक कडी वाजवत सुटायचं, "वाल्मिकमामा इथं राहतात का हो?" आणि वाटेत विकलेल्या, मेलेल्या म्हशींच्या गोठ्यांतही डोकावायचं! हे दर माणसाला! नानांना म्हटलं, दुरुस्त करते. तर म्हणे, "चाललंय की! मान्सं बसत्यात, बोलत्यात. घाई कसली?"

मग मी कुणाला विचारलंच नाही. एक टूल असतं बघा, आपोआप डेटाबेस तपासतं, कुठलं काम रखडतंय ते शोधतं आणि उपायही लिहून देतं. आधी डेटाच्या कॉपीवर चालवून पाहिलं हो, मी काही वेडी नाही! त्यानं सांगितलं, कोड नंबरावर इंडेक्स लाव, पुस्तकातल्या सूचीसारखा, म्हणजे दारोदार न फिरता थेट मामांच्या ओट्यावर. लावला. आणि दुसऱ्या दिवशी... किटली ओतायचा अवकाश, पावती बाहेर! रांग संपली, मी चहा प्याले, एसटीत खिडकीची जागा मिळाली! काय सांगू तुम्हाला, खिडकीची!

हे सुख किती टिकावं? पुढच्याच सकाळी केशरबाई आजी पावती उलटीपालटी करत उभ्या.

"ही कुनाची गं?"

"तुमचीच, आजी."

"येवढ्यात? म्हशीचं दूध हाय पोरी, नळाचं पानी न्हाई. नीट बघ तरी!"

"आजी, फॅट कालच्याइतकीच आलीय!"

"परवापत्तुर त्यो इचार करून सांगत हुता. आज न बघताच ठोकून दिलं."

लगेच वाल्मिकमामा मागून, "खरंय! डाक्टर बी नाडी धरून घटकाभर बसतो. ह्यो हात लावायच्या आत गोळी देतोय. अगं, घाई कसली?"

आणि दोन दिवसांत निम्म्या किटल्या रस्त्यापलीकडच्या केंद्रावर! का, भाव जास्त? छे! तिथलं मशीन म्हणे चांगलं रेंगाळतं, म्हणजे बारकाईनं बघत असणार! नाना धोतर सावरत आले, "अश्विने, समद्यांचं दूध समोर चाललंय. पयल्यासारखं कर, न्हाईतर डेअरीला टाळं."

पहिल्यासारखं? तो गुणी इंडेक्स उपटायला माझा हात धजेना. मग प्रोग्रॅममध्ये एकच ओळ घातली. खातं क्षणात सापडतं, आणि मग कॉम्प्युटर... नुसता बसतो! चक्र फिरवतो, पडद्यावर 'हिशोब चालू आहे' दाखवतो आणि काही म्हणजे काही करत नाही!

केशरबाई आजी चक्राकडे टक लावून बघत राहिल्या. पावती आली. "आता कसं! आता लागली खरी फॅट!" अहो, तीच फॅट! दशांशाचाही फरक नाही! सगळ्या किटल्या परत. आणि नाना हळूच कानाशी, "माझ्या पावतीला वाईच जास्त येळ लावत जा. चेअरमन हाय मी."

लावला! काय करता?

रांग पुन्हा लांबली, आणि आज ही एसटी गेली. दुपारपर्यंत दुसरी नाही. तेवढ्यात सरांचा फोन, "हजेरी भरत नाही, आता पुढच्या वर्षी बस परीक्षेला." फोन ठेवला, तर समोर पडद्यावर ते टूल. बिचारं रोज न चुकता सांगतं, 'सर्वांत संथ ओळ सापडली. ही काढून टाका, काम तत्काळ होईल.'

मी त्याच्याकडे बघितलं. नानांकडे बघितलं. ओढणीनं तोंड पुसलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हटलं, "असू दे रे बाबा... आता एक वर्ष आहे. घाई कसली?"